नावापाशी थांबलेली स्क्रीन

आमच्या पणदऱ्याच्या घरात सकाळी उठायला घड्याळ लागायचं नाही. रिकाम्या बादलीत पडणारी धार वेगळी वाजते आणि भरत आलेल्या बादलीत वेगळी, त्यामुळे अंथरुणात पडल्यापडल्याच मला कळायचं, की आईचं गोठ्यातलं काम कुठवर आलंय आणि आपल्याला अजून किती वेळ गोधडीत काढता येईल. धार संपली की गोठ्यातूनच आईची हाक यायची आणि एका दमात कामांची माळ सुरू व्हायची. "नंदे, ऊठ. चूल पेटव. च्याचं आदण ठेव. उकळलं आसंल तर पावडर टाक, न्हाय तर हालू नगं तितनं. मग अंगण झाड. मग दादाला उठीव." एकापुढं एक हुकूम, मधे कुठं थांबायचं, कुठं बघून ठरवायचं, तेही त्यातच सांगितलेलं. पुढं कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये सरांनी बॅच फाइल म्हणजे काय ते समजावलं तेव्हा बाकीची पोरं डोकं खाजवत बसली आणि मी हसायला लागले. मशीनला करायच्या कामांची यादी एका फाइलीत ओळीखाली ओळ लिहून ठेवायची, फाइलीचं नाव टाइप केलं की मशीन ती कामं एकेक करून उरकतं. ही तर आमच्या आईची हाक होती. फरक एवढाच, की मशीन माझ्यासारखं "पाच मिनिटं झोपू दे गं" म्हणत नव्हतं.

घरात आम्ही पाच माणसं. वडील दिनकरराव, म्हणजे तात्या, आई, मोठा दादा, त्याची बायको कुसुमवहिनी आणि मी. ऊस होता, म्हशी होत्या आणि विहिरीलगतच्या तुकड्यात गाजर, मेथी, टोमॅटो असं बाजाराचं पीक होतं. ते दादा आणि तात्या टेम्पोतून बारामतीला न्यायचे. हिवाळ्यात घराला नुसता खाण्याचा वास असायचा. बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, खलबत्त्यात कुटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि शेतातून येताना तात्यांच्या खिशात हमखास ओला हरभरा. कुसुमवहिनी भवानीनगरची. साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली, त्यामुळे भोंग्यावर जेवायची आणि भोंग्यावर झोपायची सवय लागलेली. लग्न होऊन आली तेव्हा पहिला महिनाभर तिला भूक लागायची नाही म्हणे. आई तिला चिडवायची, "कुसुम, थाळी वाजवू का गं? म्हंजी जेवशील." वहिनीही काही कमी नव्हती. ती म्हणायची, "वाजवा की, पर भोंग्यावाणी लांब वाजवा." सासू-सुनेची अशी थट्टा मी पुढं फार कमी घरांत पाहिली. माहेराहून येताना वहिनी काकवीची बरणी आणायची, आणि ती संपेपर्यंत आम्ही सगळी तिच्याशी विशेष गोड वागायचो.

बारावीनंतर मी हट्टानं बारामतीच्या कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं. खतांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तो होता. अरुंद जिना, काळ्या काचेचं दार, आत थंड हवेचं मशीन, आणि चपला बाहेर काढायच्या. भोसले सर पुण्याहून शिकून आलेले, बोलायला मऊ, पण मशीनला कोणी जोरात बोट लावलं की त्यांचा चेहरा आपल्यालाच चिमटा बसल्यासारखा व्हायचा. एकच मॉनिटर रंगीत होता. बाकीच्यांवर काळ्यावर हिरवी अक्षरं. तेव्हा चित्रं नव्हती, माऊस नव्हता. ऐंशी अक्षरं रुंद आणि पंचवीस ओळी उंच, एवढीच काय ती स्क्रीन. आणि बॅच फाइलीला लिहायला सांगितलं तर ती वरून खाली एकापाठोपाठ ओळी छापत सुटायची. मधेच एक अक्षर लिही, कोपऱ्यात लिही, पिवळ्यात लिही, असलं काही तिला जमायचं नाही. मला त्या स्क्रीनची कीव यायची. एवढं मोठं अंगण आणि रांगोळी काढायची बंदी!

सरांकडं एक जुनं मासिक होतं. त्यात मागच्या पानांवर आकड्यांचे रकाने छापलेले असायचे. ते आकडे जसेच्या तसे मशीनमध्ये भरले, की एखादा इवलासा प्रोग्रॅम तयार व्हायचा. एक आकडा चुकला की मशीन जागच्या जागी गप्प, मग बंद करून पुन्हा पहिल्यापासून. बाकीच्यांना तो छळ वाटायचा, पण मी गहू निवडत वाढलेली, मला त्यात चक्क गंमत वाटायची. असे चार प्रोग्रॅम मी जमवले, त्यांत थोडी मोडतोड केली आणि त्यांना आपल्या बोलीतली नावं दिली. 'जागा' सांगितली की अक्षर लिहायची ती लुकलुकणारी खूण स्क्रीनवर पाहिजे तिथं जाऊन बसायची. 'रंग' म्हटलं की पुढची अक्षरं पाहिजे त्या रंगात. 'चौकट' दुहेरी रेघांची सुबक चौकट काढायची. आणि 'थांब' म्हटलं की कोणीतरी कळ दाबेपर्यंत सगळं होतं तिथंच उभं राहायचं. अशी चार ओंजळभर हत्यारं, पण बॅच फाइलीत त्यांची नावं लिहिली की स्क्रीन माझं ऐकायची. मी तिच्यावर तुळशीवृंदावन काढलं, आमची म्हैस काढली. सरांसाठी असा मेनू केला, की सकाळी मशीन सुरू केल्यावर निळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत कामं मांडलेली दिसायची. सर किती तरी वेळ तो नुसता बघत राहिले. त्या दिवशी यष्टीतून घरी येताना मला उभं राहायला जागा मिळाली होती, पण मी तरंगतच आले म्हणा ना.

आज माझ्या भाचीचा मुलगा माझ्या लॅपटॉपवर ती काळी खिडकी उघडलेली बघतो आणि विचारतो, "आजी, बिघडलाय का?" मी म्हणते, "नाही रे बाबा, हा त्याचा खरा चेहरा आहे." तो हसतो आणि मोबाइलकडं वळतो. हसू दे. त्याच्या मोबाइलला माझ्या 'चौकटी'एवढी शिस्त असती तर तो दर तासाला "हँग झाला" म्हणून रडला नसता.

तर, कोर्स संपत आला तेव्हा सर म्हणाले, "नंदा, मुलींची वेगळी बॅच काढायचा विचार आहे. भरली तर ती तू शिकव." माझा आनंद गगनात मावेना. मी घरी येऊन सांगितलं. तात्या तेव्हा गाजरं धूत होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "बघू." आता आमच्या तात्यांचं "बघू" म्हणजे "न्हाय", हे गोठ्यातल्या म्हशींनासुद्धा माहीत होतं. माणूस वाईट नव्हता. मला शिकायला त्यांनीच पाठवलं होतं. पण शिकणं वेगळं, आणि लग्नाच्या पोरीनं रोज त्या काळ्या काचेआड मास्तरकी करणं वेगळं. दुसऱ्या दिवशी आईपाशी ते एवढंच बोलले, "शिकली, झालं. आता रोज उठून तितं कशाला?"  आई चुलीतली लाकडं पुढं सारत राहिली. मला तिचा राग आला. वाटलं, हिनं तरी एक शब्द टाकावा की नाही?

आणि बॅच तरी कुठं भरत होती? चौकशीला पोरी यायच्या, नाव लिहून जायच्या आणि परत दिसायच्या नाहीत. आयांना ती खोली पसंत नव्हती. शेवटी सरांच्या बायको, सुमनकाकू, यांनी तोडगा काढला. "संक्रांतीचं हळदीकुंकू क्लासमध्येच करू या. आया स्वतःच्या डोळ्यांनी खोली बघतील." मशीनवर बायकांना बघण्याजोगं काहीतरी दाखवायचं काम माझ्याकडं आलं. मी वहिनीला विचारलं तर ती पटकन म्हणाली, "बायकांचं हळदीकुंकू म्हंजी नाव घेणं आलं. उखाणं दाव की."

मग मी अशी कामाला लागले की विचारू नका. कळ दाबली की स्क्रीन निळी होणार, भोवती पिवळी चौकट, मधे कलश. तिळाएवढे ठिपके चमकणार, वहिनी शेजारी उभी राहून उखाणा म्हणणार, आणि शेवटी नवऱ्याचं नाव अख्ख्या स्क्रीनभर मराठीत, त्यावर घंटी आणि फुलांचा सडा! मशीनला मराठी अक्षरं येत नव्हती, पण माझ्या हातात 'जागा' होतं. भरीव चौकोन एकापुढं एक ठेवत मी काने, मात्रा, वेलांट्या बांधल्या. नावं कुठून आणली? चौकशीला आलेल्या पोरींनी आपलं पूर्ण नाव सांगितलेलंच होतं, मधलं नाव बापाचं. एकेका 'राव'साठी मी दुपारच्या दुपारी घालवल्या. कोणाच्या आईला आपल्या मालकाचं नाव एवढं ऐसपैस लिहिलेलं बघायला आवडणार नाही? असा माझा सरळ हिशेब.

हळदीकुंकवाला बायका जिना भरून आल्या. चपलांचा ढीग दाराबाहेर पडला. आत शिरल्यावर थंड हवेनं सगळ्यांनी पदर ओढून घेतले. एकीनं मशीनच्या डब्यालाही हळदीकुंकू लावलं आणि सरांनी डोळे मिटून घेतले. नंतर ते स्वतःच बाहेर जाऊन दुकानात बसले. गाजर, बोरं, उसाची करवं, तिळगूळ अशी ताटं फिरली. मग कन्हेरीच्या शेवंताकाकू पुढं झाल्या. बाई दांडगी, दोन पोरी कॉलेजला, आणि त्या आपल्या पोरी जिथं घालतील तिथं चार घरच्या पोरी मागोमाग येणार, हे सुमनकाकूंनी मला आधीच कानात सांगून ठेवलेलं. मी कळ दाबली. निळं झालं, कलश आला, वहिनीनं उखाणा सुरू केला, आणि तिची ओळ संपायच्या आत, शेवंताकाकूंनी तोंड उघडायच्या आत, स्क्रीनवर लालभडक झळकलं: बाबुराव.

 

"बया!" शेवंताकाकू म्हणाल्या. "म्या घ्यायच्या आदी ह्येनं घेतलं? माझ्या मालकाचं नाव घेणारा ह्यो कोण लागून गेला?"

"मग आमी कशाला आलो हितं?" दुसरी कोणी तरी म्हणाली आणि एकीनं चपलांकडं पाहिलंसुद्धा.

 आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडच्या बायका वर्षभर नवऱ्याला "अवो" म्हणतात, "पोरांचं वडील" म्हणतात, पण नाव काढत नाहीत. ते काढायला लावणं हीच तर सगळी मजा. दार अडवायचं, ताट धरून ठेवायचं, "घेतल्याशिवाय सोडायची न्हाय" म्हणून छळायचं, तिनं लाजायचं, आढेवेढे घ्यायचे, आणि शेवटी भरल्या घरात ते नाव तिच्या तोंडून बाहेर पडायचं. माझ्या मशीननं कोणी आग्रह केला नसताना, न लाजता, ते धाडकन सांगून टाकलं होतं. पुरणपोळीच्या जेवणात पहिल्याच घासाला विडा द्यावा तसं झालं.

वहिनी माझ्या कानाशी वाकली. "नंदा, त्येला नावापाशी गप बसाय लाव."

मी खुर्ची ओढली. बॅच फाइल उघडली, नाव लिहिणाऱ्या ओळी पुसून टाकल्या. दुपारच्या दुपारी गेल्या त्यात, पण वाईट वाटायला तेव्हा वेळ नव्हता. त्यांच्या जागी फक्त दोन ओळी घातल्या. 'जागा', म्हणजे खूण कलशाखालच्या रिकाम्या भागात जाऊन बसेल. आणि 'थांब'. पुढचं सगळं होतं तसंच ठेवलं. पुन्हा सुरू केलं. निळं झालं, कलश आला, आणि स्क्रीन थांबली. मोकळ्या जागेत ती छोटी पांढरी खूण लुकलुकत राहिली.

"आता ह्यो हालत न्हाय," वहिनीनं जाहीर केलं. "नाव कानावर पडल्याबिगर फुडं जायाचा न्हाय."

शेवंताकाकूंनी संशयानं पाहिलं. "आन न्हायच घेतलं तर?"

"तर बसंल आसाच. तुमी बी बसा."

मागून बायका हसल्या. "घ्या की वो, थांबलंय बिचारं!" काकूंनी पदर सावरला, एकदा स्क्रीनकडं आणि एकदा सगळ्यांकडं पाहिलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"हलव्याच्या दागिन्यांना तिळाचा साज,
बाबुरावांचं नाव घेते, संक्रांत हाय आज."

मी खालच्या खाली कळ दाबली. टुणकन घंटी वाजली आणि स्क्रीनभर पिवळी फुलं पडायला लागली. अशी आरडाओरड झाली की खालून दुकानातली माणसं वर बघायला लागली. मग रांगच लागली. कोणी स्क्रीनला तोंड लावून नाव सांगितलं, तिला ऐकायला कमी येत असावं म्हणून. कोणी नुसतं पुटपुटली तर वहिनी मला कळ दाबू द्यायची नाही. "ऐकाय न्हाय आलं त्येला, पुन्यांदा घ्या." आग्रह करायला थकत नाही आणि रुसतही नाही, अशी ती मशीनमधली नणंद बायकांना भलतीच आवडली. मी हसून हसून रडत होते. माझ्या आयुष्यात माझं काम इतक्या माणसांना इतकं आवडलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

आई दाराजवळ गाजरांच्या ताटापाशी बसली होती. नाव घ्यायची वेळ आली की ती नेहमी "मला न्हाय बया येत" म्हणून कामाला निसटायची. तिचा उखाणा मी कधी ऐकलाच नव्हता. बायकांनी तिला घेरलं तरी ती मान हलवत होती. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. तात्या. टेम्पो रस्त्यात लावून आम्हाला बोलवायला आले होते. आत एवढ्या बायका बघून ते शेवटच्या पायरीवरच थबकले. अर्धवट उघड्या दारातून त्यांची टोपी तेवढी दिसत होती. मला दिसली, आणि दाराजवळ बसलेल्या आईलाही दिसली. तिनं त्या टोपीकडं क्षणभर पाहिलं. मग हातातलं ताट शेजारणीकडं दिलं, उठली, आणि थेट स्क्रीनपुढं येऊन उभी राहिली. पांढरी खूण लुकलुकत होती. आईनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि गोठ्यातून मला हाक मारायची त्या आवाजात म्हणाली:

"पणदऱ्याच्या मळ्यात उसाला आला तुरा,
दिनकरराव म्हणत्यात, लेकीचा हट्ट करा पुरा."

पहिल्यांदा कोणाच्याच काही लक्षात आलं नाही. मग वहिनीनं तोंडावर हात घेतला. शेवंताकाकूंनी विचारलं, "कसला हट्ट गं?" आणि वहिनीनं संधी सोडली नाही. "पोरींच्या वर्गाला शिकवायचा. आमच्या तात्यांनी हो म्हणलंय, आता तुमीच ऐकलंसा." शेवंताकाकू दाराकडं वळल्या. त्यांनाही टोपी दिसलीच. "व्हय का वो तात्या? मग माझ्या दोघी बी येत्याल. पर शिकवायला हीच पोरगी पायजे बगा." त्यांच्या मागून आणखी दोघी-तिघी बोलल्या. सगळ्या खोलीचे डोळे दारावर. तात्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "टेम्पो रस्त्यात हुबा हाय," ते म्हणाले. "आवरा लवकर." आणि जिना उतरून गेले. मी कळ दाबायचं विसरले होते. स्क्रीन तशीच थांबलेली. मी आईकडंच बघत बसले होते. माझ्या मनात तिच्याबद्दल जो राग होता तो कुठल्या कुठं गेला आणि त्या जागी इतकं प्रेम दाटून आलं, की मला तिला मिठी मारावीशी वाटली. पण आमच्याकडं असल्या मिठ्यांची रीत नव्हती. मी नुसते तिच्या पदराला लागलेले तीळ झटकले.

परत येताना वहिनी मागं रिकाम्या क्रेटांत बसली, पुढं तात्या, मधे आई आणि खिडकीशी मी. गाव मागं पडलं. दोन्हीकडं ऊस लागला.  कालव्याच्या पुलावर तात्यांनी टेम्पो हळू केला.

"मी आसं कवा म्हणलो?"

आई समोर बघत म्हणाली, "म्हणला न्हाईसा. म्हणून तर मला म्हणाया लागलं."

तात्यांनी गिअर बदलला. पूल संपला, चढ आला, चढही संपला. 

"सकाळी कितीला सोडायची हिला?" तात्यांनी विचारलं.

मी आईकडं पाहिलं.

"आटाला," आईनंच सांगितलं.